गॅसचा वास आला की बटणाला हात लावू नका

पहाटे उठून स्वयंपाकघरात गेलं की अंधारात हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो. रात्रभर गॅस गळत असेल, तर हीच सवय जिवावर बेतते.

बटणाच्या आत धातूचे दोन तुकडे जुळताना किंवा सुटताना बारीक ठिणगी उडते. बाहेरून ती दिसतही नाही. पण हवेत मिसळलेला स्वयंपाकाचा गॅस पेटायला साधारण पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. थंडीत दाराच्या कडीला हात लागताच चटका बसतो ना, त्या ठिणगीतही याहून जास्त ऊर्जा असते.

दिवा लावून बघणं ही चूक बहुतेकांना ठाऊक असते. फसतात ते दुसऱ्याच चुकीत: घाबरून चालू पंखा किंवा दिवा बंद करतात. बंद करतानाही ठिणगी उडते, बऱ्याचदा लावतानापेक्षा मोठी. तेव्हा चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंदच. गॅस बाहेर काढायला म्हणून एक्झॉस्ट फॅन तर मुळीच लावू नका. फ्रीज मात्र आपल्या हातात नसतो, तो मध्येच स्वतःहून सुरू होतो. म्हणून रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच लावा. गॅसगळतीसाठी देशभर 1906 हा क्रमांक आहे. वास फार उग्र असेल, तर आत थांबून काहीच करू नका.

नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे, मोरीत साचून राहतो. त्याला वाट हवी ती जमिनीलगत, म्हणजे दारातून. हवेत तो साधारण 2 ते 9 टक्के असला की पेटतो. त्याहून दाट असेल तर पेटत नाही खरा, पण खिडकी उघडल्यावर पातळ होत होत तो याच टप्प्यात येतो. त्यात नाकाला वासाची सवय होते. त्यामुळे ‘आता वास गेला’ म्हणून लगेच शेगडी पेटवू नका.

गळती कुठे आहे ते काडी पेटवून बघणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि आठवलं की अजून पोटात गोळा येतो. साबणाचं पाणी घ्या, रेग्युलेटरच्या तोंडाशी, नळीवर आणि शेगडीच्या जोडावर लावा. आमच्याकडे एकदा नळी वरून अगदी धड दिसत होती. फेस लावला तर ओट्याच्या मागच्या बाजूला बारीक बुडबुडे एकामागून एक फुगायला लागले. उंदराने तिथे कुरतडलं होतं. रेग्युलेटर काढल्यावरही सिलिंडरच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली, तर सिलिंडरचा व्हॉल्व्हच गळत असू शकतो. दोरीला बांधलेली टोपी त्यावर घट्ट बसवा. ती टोपी कापून टाकू नका, ती याचसाठी असते.

शेगडीचं बटण फिरवून मग लायटर शोधणं, ही रोजची चूक. आधी लायटर हातात घ्या. दोन-तीनदा टिकटिक करूनही बर्नर पेटला नाही, तर बटण बंद करून थोडं थांबा. टिकटिक करत राहिलात, तर तेवढा वेळ गॅस साचतो आणि शेवटच्या ठिणगीला भपकन हातावर येतो.

घराबाहेरची एक चूक सांगायलाच हवी, कारण ती वेल्डिंगच्या दुकानात पुन्हा पुन्हा होते: पेट्रोलचं किंवा थिनरचं रिकामं पिंप कापायला घेणं. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी सुटते. काठोकाठ भरलेल्या पिंपात हवेला जागाच नसते. रिकाम्यात तळाला वाटीभर जरी उरलं, तरी आत वाफ आणि हवा मिसळून तयार असते आणि कटरची पहिली ठिणगी आत पडते. पाण्याने एकदा विसळून हे जात नाही. असं पिंप कापायला देताना त्यात आधी काय होतं, ते कारागिराला तोंडाने सांगा. ते माहीत नसेल, तर पिंप कापायला देऊच नका.