उजनीवर गळ टाकण्याआधी पाणी कसं वाचावं

आधी पातळी बघा. धरण ‘मायनस’मध्ये गेलं म्हणजे पाणी संपलं असं नव्हे, शून्य टक्क्यालाही मृतसाठ्याचं (वापराच्या पातळीखाली उरणारं) सुमारे 63 टीएमसी, म्हणजे 63 अब्ज घनफूट पाणी उरतं. एका दिवसाच्या आकड्यावरून गळ कुठे टाकायचा ते कळत नाही. आठवडाभराचे आकडे मांडा आणि पाणी चढतंय की उतरतंय ते पाहा.

चढत्या पाण्यात काठचं गवत बुडतं, किडे-गांडुळं बाहेर पडतात आणि मासा काठाला लागतो. तेव्हा दोन ते चार फूट खोली पुरे. आवर्तन (शेतीसाठी सोडायचं पाणी) सुटून धरणातलं पाणी भराभर उतरू लागलं की तोच मासा भीमेच्या जुन्या पात्राकडे सरकतो. पात्राची कड शोधायला दोरीला 50 ग्रॅम शिसं बांधा, दर हाताला गाठ मारा आणि नावेतून खोली मोजत जा. खोली एकदम वाढली, तीच कड. पळसदेवकडे बुडालेली जुनी बांधकामं आहेत, तिथे गळ अडकतो. शिसं वेगळ्या कच्च्या दोऱ्याने बांधलं तर तेवढंच तुटतं.

मग पाण्याचा रंग. पांढरी बशी दोरीने सोडा. फूटभरातच दिसेनाशी झाली आणि पाणी हिरवट असेल तर शेवाळ फार आहे. शेवाळ रात्री प्राणवायू ओढतं, म्हणून पहाटे मासा वर तोंड काढून धापा टाकतो. त्या वेळी आमिषाला तोंड लावत नाही. ऊन चढेपर्यंत थांबा. पहाटच उत्तम हा नियम इथे चालत नाही.

चिलापीला 10 नंबरचा गळ, 0.25 मिलिमीटर तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गांडुळाचा अर्धा इंच तुकडा. शेपूट लोंबतं ठेवलं की ती तेवढंच तोडून नेते, तोंड लहान असतं तिचं. रोहूला 6 नंबरचा गळ, कणीक आणि शेंगदाणा पेंडीचा घट्ट गोळा, तोही तळाला. गोळा सैल झाला तर फेकतानाच सुटतो.

काठाकडे येणारा मंद वारा चांगला, कारण खाद्य त्याच काठाला गोळा होतं. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याशी मात्र खेळ नको: 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान नाव उलटून सहा जण बुडाले. ढग काळवंडले की लगेच काठाला या, आणि जीवरक्षक जाकीट नावेत नव्हे, अंगात ठेवा.

परवाना आणि बंदीचा काळ आधी विचारून घ्या. उतरलेल्या काठावरचा भेगाळलेला गाळ वरून टणक दिसतो, आत मांडीएवढा मऊ असू शकतो. काठी टोचत चाला.