‘प्रेरणेचा अभाव’ असे लिहिण्याआधी

संघटनात्मक वर्तन, म्हणजे संस्थेत माणसे कशी आणि का वागतात याचा अभ्यास, हा विषय पदवीच्या पहिल्या वर्षी मला सोपा वाटला होता. टेलर, मेयो, मॅस्लो, हर्झबर्ग, मॅकग्रेगर ही काम आणि माणूस यांविषयी सिद्धान्त मांडणाऱ्यांची नावे आकृत्यांसह आठवडाभरात पाठ झाली आणि माणसांविषयी आपल्याला बरेच कळू लागले आहे, असा माझा समज झाला. सत्राअखेरीस केसच्या, म्हणजे एखाद्या संस्थेतील प्रसंग देऊन त्यावर विचारलेल्या, प्रश्नाला वीसपैकी सहा गुण मिळाले. तो सल अजून गेलेला नाही, आणि हा विषय नव्याने घेणाऱ्यांना जे सांगावेसे वाटते ते मुख्यतः त्या एका उत्तराविषयीच आहे.

केस एका गोदामाची होती. रात्रपाळीचा माल सतत उशिरा बाहेर पडत होता आणि रात्रीची माणसे मनापासून काम करत नाहीत, असे पर्यवेक्षकाचे म्हणणे होते. मी ‘कर्मचाऱ्यांमध्ये प्रेरणेचा अभाव आहे’ या वाक्याने सुरुवात केली, मॅस्लो यांचा गरजांच्या उतरंडीचा त्रिकोण काढला आणि बक्षीस योजना, प्रशिक्षण व सुसंवाद हे तीन उपाय सुचवले. केसच्या शेवटच्या पानावर एक छोटा तक्ता होता. त्यानुसार पाळी 10 वाजता सुरू होत होती आणि पाठवायच्या मालाची यादी दिवसपाळीकडून 10.40 ला येत होती. यादी हाती आल्यानंतरचा रात्रपाळीचा वेग दिवसपाळीइतकाच होता. तो तक्ता मी वाचला होता, पण उत्तर आधीच ठरवून टाकल्यामुळे त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. प्राध्यापिकेने समासात एवढेच लिहिले होते : ‘हा परिच्छेद दुसऱ्या कोणत्याही केसखाली चालेल का?’ चालला असता, शब्दही न बदलता.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण हुशार आणि मेहनती विद्यार्थीच त्यात अधिक सापडतात. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा वाटा कमी लेखतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये या चुकीला ‘fundamental attribution error’ (कारण ठरवण्यातली मूलभूत चूक) हे नाव दिले. तिची व्याख्या मी त्याच उत्तरपत्रिकेत दोन गुणांच्या प्रश्नाखाली अचूक लिहिली होती आणि दोन पाने उलटल्यावर तीच चूक केली होती. म्हणून आता कोणताही सिद्धान्त आठवण्याआधी कागदावर दोन रकाने करावेत : एकात प्रत्यक्ष काय घडले, दुसऱ्यात कोण काय म्हणाले. पर्यवेक्षकाचे मत दुसऱ्या रकान्यात जाते. मग सुचलेल्या प्रत्येक कारणापुढे विचारावे, की हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे? प्रेरणा कमी असती, तर यादी आल्यावरही काम रेंगाळले असते. ते रेंगाळत नव्हते. इतके झाल्यावरच मॅस्लो किंवा हर्झबर्ग यांच्याकडे वळावे, आणि गरज नसेल तर वळूही नये.

परीक्षेसाठीच्या गाइड पुस्तकांविषयी माझे मत कठोर आहे. त्यांच्यात सिद्धान्ताचा निष्कर्ष असतो, तो कसा निघाला हे नसते. मॅस्लो यांच्या 1943 च्या मूळ लेखात तो प्रसिद्ध त्रिकोण नाही. तो पुढे इतरांनी काढला. समाधान प्रत्यक्ष कामातून येते आणि असमाधान पगार, धोरणे यांसारख्या भोवतालच्या गोष्टींतून, हे हर्झबर्ग यांचे 1959 चे निष्कर्ष सुमारे 200 अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवर उभे आहेत, आणि चांगल्या अनुभवाचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो व वाइटाचा दोष संस्थेवर टाकतो, हा त्यावरचा आक्षेप विसरण्याजोगा नाही. अमेरिकेतील हॉथॉर्न या कारखान्यातले कामगारांवरचे प्रयोग 1924 ते 1932 या काळात चालले. ‘लक्ष दिले की उत्पादन वाढते’ एवढेच त्यातून शिकवले जाते. परंतु रिले (टेलिफोनमधील विद्युत स्विच) जोडणाऱ्या पाच स्त्रियांपैकी दोघींना प्रयोग चालू असतानाच बदलण्यात आले होते, आणि पुढे तारजोडणीच्या खोलीतील 14 पुरुषांनी, निरीक्षक समोर बसलेला असतानाही, आपसांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे उत्पादन जाऊ दिले नाही. हे वाचले की एका ओळीचा निष्कर्ष लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळायलाच हवा.

संख्याशास्त्र टाळू नका. एवढेच सांगते.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. ही सवय एका सत्रात लागते. माझ्यासारख्या पाठांतरावर वाढलेल्या मुलीला लागली, तर तुम्हालाही लागेल. मार्गदर्शक निवडताना भारावून टाकणाऱ्या वक्त्यापेक्षा तुमच्या उत्तरावर समासात प्रश्न लिहिणारी व्यक्ती शोधा. तयार नोट्स देणारे सीनियर मनाने चांगले असतात, पण त्यांच्या नोट्समधून त्यांचे अंदाजही तुमच्याकडे येतात. प्रकल्पासाठी मुलाखती घेताना वरिष्ठ त्या खोलीत नसतील, अशी अट आधीच घाला. मी ती घातली नव्हती, आणि माझ्या अकराही प्रश्नावल्यांत ‘समाधानी’ हेच उत्तर आले. तो महिनाभराचा प्रकल्प मला पुन्हा करावा लागला.

आता मनुष्यबळ विभागात नोकरी सोडणाऱ्यांच्या मुलाखती घेणे हे माझे काम आहे. बहुतेक अर्जांवर ‘वैयक्तिक कारण’ लिहिलेले असते. ते मी दुसऱ्या रकान्यात नोंदवते, आणि पहिल्यात त्या व्यक्तीची पाळी केव्हा बदलली, वरिष्ठ केव्हा बदलले आणि रजा किती वेळा नाकारली गेली, हे तारखांसह लिहिते.