राजवाडा ते सराफा: इंदूरच्या बाजारात येण्याआधीची तयारी

इंदूरला येऊन होळकरांच्या राजवाड्याभोवतीच्या बाजारात फिरायचं असेल, तर सगळ्यांत आधी वेळ मोकळा ठेवा. पुण्या-मुंबईचे पाहुणे बहुधा उज्जैन आणि ओंकारेश्वर उरकतात आणि उरलेली एक संध्याकाळ इंदूरला देतात. त्या तीन-चार तासांत साड्या, राजवाडा आणि सराफा, म्हणजे दिवसा सोन्याची आणि रात्री खाण्याची गल्ली, सगळं कोंबतात आणि दमून जातात. आम्हां इंदूरकरांना ते बघून खरंच हळहळ वाटते. हा बाजार दिवसा वेगळा असतो, रात्री वेगळा, आणि दोन्ही बघितल्याशिवाय तो कळत नाही. म्हणून त्याला एक आख्खा दिवस द्या. सकाळी अकराच्या सुमारास या, दुपारी मुक्कामी जाऊन पाठ टेका आणि संध्याकाळी सातनंतर पुन्हा या. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने येणारे सकाळी स्टेशनवर उतरतात, त्यांना हे सहज जमतं. स्टेशनपासून राजवाडा फार तर दोन किलोमीटर.

वार बघून या. रविवारी घाऊक कापड बाजार बंद असतो, तेव्हा बस्त्यासाठी येणाऱ्यांनी रविवार टाळावा. रंगपंचमीला खरेदीचं नावही काढू नका. त्या दिवशी गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक निघते, टँकरमधून पंपाने रंगाचे फवारे राजवाड्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत उडतात आणि लाखो माणसं रस्त्यावर असतात. गेर बघायला मात्र जरूर या. जुने कपडे घाला, अंगाला तेल चोपडा आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका निघतात, तेव्हाही हे रस्ते गाड्यांना बंद असतात. मला विचाराल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. थंडी असते, भूक लागते आणि गराडू मिळतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

गाडी आणली असेल तर ती मुक्कामीच राहू द्या. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्या चालण्यासाठीच आहेत. ऑटो किंवा ई-रिक्षा राजवाड्याच्या चौकापर्यंत सोडते, तिथून पायी. पायांत सपाट, बंद चप्पल-बूट हवेत. रात्री सराफ्यात गर्दीत पायावर पाय पडतात, आणि कुणाच्या हातात गरम द्रोण असतो. खांद्याला लावायची पर्स पुढे घ्या. दोन-तीन कापडी पिशव्या घडी करून सोबत असू द्या, कारण हे शहर 2017 पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येत आलंय आणि इथले लोक ते मनावर घेतात. कागद, द्रोण, टिश्यू खाली टाकलात तर दंड होऊ शकतो, शेजारचा माणूसही टोकेल. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे वेगळे असतात, तेवढं बघून टाका. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

पैसे यूपीआयने सगळीकडे चालतात, तरी गर्दीच्या वेळी नेटवर्क अडखळतं आणि द्रोण हातात घेऊन थांबावं लागतं. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा.

आता खरेदीची यादी. ती गल्लीवार लिहा, म्हणजे उगाच हेलपाटे पडत नाहीत. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं एमटी क्लॉथ मार्केट, हे मुख्यतः घाऊकचं. तिथे एकाच प्रकारच्या दहा-बारा साड्या, ब्लाउजपीस, आहेराचं कापड घ्यायचं असेल तर जा. एकच साडी हवी असेल तर सीतलामाता बाजार बरा, तिथे नवरीचे शालू-लेहेंगे मांडलेले असतात. बर्तन बाजारात पितळेची भांडी, समया, पराती वजनावर मिळतात. खजुरी बाजार पुस्तकांचा आणि वह्यांचा. मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्ससाठी जेल रोड. मसाले, सुकामेवा, किराणा हवा असेल तर स्टेशनकडचं सियागंज, तेही घाऊकचं. एका दिवसात यातल्या दोनच गल्ल्या धरा.

माहेश्वरीसाठी मात्र वेळ राखून ठेवा, कारण आमच्याकडून घेऊन जाण्यासारखी हीच वस्तू आहे. महेश्वर इथून साधारण नव्वद किलोमीटरवर नर्मदेकाठी. अहिल्याबाईंनी विणकरांना आश्रय दिला आणि तिथला माग जगला. रेशीम आणि सुताच्या मिश्रणाची ही साडी हलकी असते, उन्हाळ्यातही नेसवते. दुकानात ती उलगडून दोन्ही बाजूंनी बघा. खऱ्या माहेश्वरीचे काठ दोन्हीकडून नेसता येतील असे असतात, त्याला बुगडी म्हणतात. हातमागाचं चिन्ह मागा. उजेडाला धरून पदर बघा, पोताला हात लावा. दुकानदार आडकाठी करत नाही. रामबाग, नारायणबागेतली मराठी घरं पिढ्यान्पिढ्या याच बाजारातून बस्ता बांधत आली आहेत, त्यामुळे एखाद्या जुन्या दुकानात गादीवरचे काका मराठीतूनच बोलू लागले तर चकित होऊ नका. इतरत्र हिंदी चालते. घासाघीस करायची असेल तर ‘भिया, ठीक लगा लो’ एवढं हसून म्हणावं. आवाज चढवून इथे भाव उतरत नाही.

सोनं घेणार असाल तर दिवसाच या, आणि आधी घरी ठरवून या. सराफ्याच्या पेढ्यांवर नक्षीकाम बघून माणूस भुलतो. दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक हवा. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर तिथल्या तिथे टाकून बघा. बावीस कॅरेटवर 916 असतं. घडणावळ वेगळी लिहून घ्या, पावती पक्की घ्या. दोन लाखांवर खरेदी होणार असेल तर पॅन कार्ड बरोबर ठेवा. आणि खरेदी झाली की डबी घेऊन बाजारात भटकू नका, आधी मुक्कामी ठेवून या. रात्री सराफ्यात हात मोकळे हवेत.

राजवाडा आतून बघायचा तर संध्याकाळी पाचच्या आत. सात मजल्यांची ही हवेली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. 1801 साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं तेव्हा वाडा जळाला, मग होळकरांचे दिवाण तात्या जोग यांच्या देखरेखीखाली पुन्हा उभा राहिला. 1984 च्या आगीत मागचा बराच भाग गेला, तोही नंतर बांधून काढला. हे माहीत असलं की दर्शनी कमानीकडे बघताना नजर वेगळी होते. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे बसायला जागा मिळते. घरातल्या मोठ्यांना गल्ल्यांत फिरवण्यापेक्षा इथे बसवा, त्यांना चौक बघायला आवडतो. पायांत जोर असेल तर नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, आणि इतवारिया बाजारातलं काच मंदिर हेही चालत होतं.

पोटाची तयारी ही माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची, आणि पाहुणे तिथेच चुकतात. सकाळी पोहे-जिलबी खा, पण एकच प्लेट. आपल्या घरच्या कांदेपोह्यांपेक्षा हे वेगळे. इथे पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर गरम ठेवतात, त्यात बडीशेप असते, वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावन हा इथला मसाला भुरभुरतात. दुपारी हलकं जेवा. संध्याकाळी घरी किंवा हॉटेलात जेवायचं नाही. सराफ्यात सगळं शाकाहारीच असतं, त्यामुळे देवदर्शनाहून आलेल्यांनाही अडचण नाही. पोट नाजूक असेल तर पाण्याची बाटली आपली ठेवा आणि जे डोळ्यांसमोर कढईतून निघतं तेच घ्या.

सराफ्यात साडेआठपर्यंत पोचा, खायला नव्हे, बघायला. पेढीवाले ट्रे आत घेतात, शटर ओढतात, कुलूप लावून दोनदा हिसका देऊन बघतात. ओटा रिकामा झाला की खाली थांबलेला माणूस त्यावर फळी टाकतो, भट्टी मांडतो, दिव्याची वायर ओढतो. तासाभरात अशी सगळी गल्ली पालटते. दिवसा जिथे गुंजभर सोनं तोललं जातं त्याच पायरीवर रात्री जिलबीचं पीठ घोटलं जातं. रात्री माणसांचा राबता असला म्हणजे पेढ्यांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच या गाड्यांना थारा दिला असं जुने लोक सांगतात. नऊनंतर आलात तर हे पालटणं हुकतं, आणि मला ते खाण्याइतकंच मोलाचं वाटतं.

मग आधी एक फेरी नुसती मारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, काय काय आहे ते बघा, मोह आवरा. परत येताना खायला सुरुवात करा. भुट्ट्याचा कीस आधी घ्या: कोवळं कणीस किसून तुपात हिंग-मोहरी-मिरचीवर परततात, दूध घालून मऊ शिजवतात, वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू. हिवाळा असेल तर लगेच गराडू. कोनफळाच्या जातीचा हा कंद. त्याच्या फोडी एकदा तळून कढईच्या काठावर ढीग करून ठेवलेल्या असतात. तुम्ही मागितलं की गाडीवाला मूठभर फोडी दाबून चपट्या करतो, कडक तेलात पुन्हा सोडतो, कडा लालसर झाल्या की काढून मसाल्यात घोळवतो आणि वर लिंबू पिळतो. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. लगेच खा, दोन मिनिटांत मजा जाते. दहीवड्याच्या प्रसिद्ध गाडीवर द्रोण हवेत उडवून झेलतात, आणि एकाच चिमटीतून निरनिराळे मसाले एकेक करून सोडतात. मुलांना पुढे उभं करा. खोपरा पॅटिसमध्ये बाहेर बटाटा, आत खोबऱ्याचं सारण. साबुदाणा खिचडीही घ्या, पण आपल्यासारखी परतलेली नसते. वाफवलेला साबुदाणा तुमच्यासमोर मसाला, लिंबू, फराळी चिवडा घालून कालवतात. उपास असेल तर मसाल्यात काय काय आहे ते विचारून घ्या.

चौघांत एक द्रोण हा नियम पाळा. चमचे जास्त मागा, कोणी नाही म्हणत नाही. असं केलं तरच आठ-नऊ पदार्थ चाखून होतात. गोड शेवटी: मालपुवा, रबडी, मावाबाटी, आणि ताटाएवढा जलेबा. शिकंजी मागितली की लिंबू सरबत येईल अशी वाट बघू नका. इथली शिकंजी दाट, दुधाची, सुकामेवा घातलेली असते, एका पेल्यात दोघांचं पोट भरतं. म्हणून ती आधी पिऊ नका.

छोटी मुलं असतील तर दहाच्या आत निघा. अकरानंतर गर्दी अंगावर येते. एकमेकांना शोधायची वेळ आली तर राजवाड्याचा दरवाजा ही खूण ठरवून ठेवा, गल्लीत फोन ऐकू येत नाही. ज्यांना गर्दी सोसतच नाही, त्यांच्यासाठी नव्या पलासियातलं छप्पन दुकान आहे. तिथे गाड्यांची वर्दळ नाही, ऐसपैस जागा आहे आणि व्हीलचेअर सहज फिरते.

न्यायची शेव आणि जिरावन शेवटच्या दिवशी सकाळी घ्या, आदल्या रात्री नको. लवंगी शेव, लसणाची शेव चाखून मग तोलायला सांगा, आणि आजची ताजी आहे का ते विचारा. पाव-पाव किलोची पाकिटं करून घेतलीत तर वाटायला सोपी जातात. जिरावनाची पुडी डब्यात बंद करून ठेवा, नाहीतर नव्या माहेश्वरीला हिंगाचा वास लागतो.