करपल्याचा वास घरातून घालवण्यासाठीची तयारी

सगळ्यात आधी वास कशाचा आहे याची खात्री करा. प्लास्टिक किंवा वायर जळल्यासारखा वाटला, तर साफसफाई राहू द्या, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पातेलंच करपलं असेल, तर ते आतल्या पदार्थासकट घराबाहेर काढा. कचऱ्याच्या डब्यात टाकलेली खरवडही तिथे पडून वास मारत राहते. मग समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एसी बंदच असू द्या, तो खोलीतलीच हवा फिरवतो.

रूम फ्रेशनर मात्र कृपा करून फवारू नका. धूर गेला तरी त्यातले तेलकट कण भिंतींवर, कपाटांवर, कापडांवर बसलेले असतात आणि वास तिथून येत राहतो. ते पुसून काढल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यासाठी पक्कं स्टूल, दोन बादल्या, भरपूर जुनी सुती फडकी, हातमोजे आणि भांड्यांचा साबण जवळ घेऊन ठेवा. एका बादलीत साबणाचं गरम पाणी, दुसरीत साधं. धूर वर चढतो, म्हणून पुसायला सुरुवात वरून करायची. पंख्याच्या पात्यावर वरच्या बाजूने बोट फिरवून बघा, तपकिरी चिकटा लागेल. कपाटांचे माथे, दारांच्या वरच्या कडा आणि बल्बही विसरू नका (दिवा बंद करून, बल्ब गार झाल्यावर), कारण बल्ब तापला की त्यावरचा थर पुन्हा वास सोडतो. काजळी दिसत असेल तर ती आधी कोरड्या स्पंजने टिपा. ओलं फडकं लावलंत तर ती भिंतीवर पसरेल. चिमणीची जाळी गरम साबणपाण्यात भिजत घाला.

पडदे, अभ्रे, टॉवेल धुवायला काढा. सोफ्यावर आणि गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. उघड्या वाटीत व्हिनेगर ठेवण्यापेक्षा निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरने ओटा पुसलात तर जास्त उपयोग होतो, फक्त ओटा संगमरवरी नसावा, त्याची चकाकी जाते. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

घरात बसून नाक वासाला सरावतं. म्हणून थोडा वेळ बाहेर फिरून या आणि दार उघडताच हुंगून बघा. अजून वास असेल तर बहुतेक एखादं कापड धुवायचं राहिलंय, किंवा चिमणीची जाळी.