‘नागपूर’ची सहा अक्षरे आणि इंग्रजीतील लांब शब्द

ठरावीक अक्षरे देऊन ती सगळी ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायला सांगितला, की आपल्यापैकी बहुतेक जण ती अक्षरे मनातल्या मनात उच्चारून पाहू लागतात. देवनागरीत जसे बोलतो जवळपास तसेच लिहितो, त्यामुळे ही सवय स्वाभाविक आहे. इंग्रजी शब्द शोधताना मात्र तीच आड येते, कारण तिथे अक्षर एक असते आणि ऐकू वेगळेच येते. त्यामुळे हा शोध कानाने न घेता स्पेलिंगच्या तुकड्यांनी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी प्रश्न नेमका कोणता आहे ते पाहावे. ‘फक्त एवढ्याच अक्षरांतून शब्द बनवा’ हा एक प्रश्न, आणि ‘ही अक्षरे असायलाच हवीत, बाकी कोणतीही चालतील’ हा दुसरा. स्क्रॅबल या शब्द जुळवण्याच्या खेळात हातातील ७ सोंगट्या एकाच डावात लावल्या तर ५० गुण जास्तीचे मिळतात. तिथे विचार मुख्यतः पहिल्या प्रकारचा असतो. येथे आपण दुसरा प्रकार पाहणार आहोत, कारण खरे लांब शब्द त्यातच सापडतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपुरात दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते, तेव्हा मी शेजारच्या मुलांना जमवून हा खेळ घेतो. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या कूलरच्या वाऱ्याने उडून जातात, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चौकोन कापून त्यांवर एकेक अक्षर लिहिलेले आहे. पहिले उदाहरण नेहमी शहराच्या नावाचेच असते: एन, ए, जी, पी, यू, आर. हे चौकोन ओळीत न मांडता गोलाकार मांडावेत. ओळीत ठेवले की डोळ्यांना पुन्हा पुन्हा ‘नागपूर’च दिसत राहते आणि दुसरे काही सुचत नाही.

आता शेवटाकडून सुरुवात करावी. इंग्रजीत शब्दांना लागणारे ठरलेले शेपूट असते: ‘इंग’, ‘शन’, ‘मेंट’, ‘नेस’, ‘एबल’. आपल्या सहा अक्षरांपैकी एन आणि जी ही दोन ‘इंग’ या एकाच शेपटात निघून जातात. ते दोन चौकोन बाजूला काढून ठेवले की हातात ए, पी, यू, आर एवढीच चार उरतात, आणि ही चार अक्षरे असलेले क्रियापद शोधणे हे मूळ प्रश्नापेक्षा पुष्कळच सोपे काम आहे. ‘कॅप्चर’ घ्या. त्यातील ‘च’ हा उच्चार टी आणि यू मिळून होतो, त्यामुळे कानाने शोधणाऱ्याला यू कधीच सापडत नाही. ‘पर्चेस’मध्ये ए असाच लपलेला असतो. यांतून ‘कॅप्चरिंग’ हा ९ अक्षरी, ‘पर्चेसिंग’ हा १० अक्षरी आणि ‘रिक्युपरेट’पासून ‘रिक्युपरेटिंग’ हा १२ अक्षरी शब्द मिळतो.

‘इंग’ लावताना क्रियापदाच्या शेवटचा ई गळतो, हे विसरू नये. दिलेल्या अक्षरांत ई असेल तर तो शब्दाच्या पोटात कुठेतरी असला पाहिजे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत शहराचे नाव यूऐवजी ओ आणि शेवटी ई घालून लिहिलेले दिसते. त्या सात अक्षरांसाठी ‘ऑपरेटिंग’ चालतो, कारण त्यात गळणाऱ्या ईखेरीज पीनंतरचा ई शिल्लक राहतो.

शेपटानंतर मोठे तुकडे पाहावेत. ‘ग्राफ’ या एका तुकड्यात जी, आर, ए, पी अशी चार अक्षरे बसतात. मग यू आणि एन तेवढे हवेत. पुढे ‘ऑटो’ लावला की यू येतो आणि मागे ‘इंग’ लावला की एन येतो. ‘ऑटोग्राफिंग’, अक्षरे १२. चौकोन सरकवता सरकवता एखाद्या मुलाच्या हे लक्षात येते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो, आणि मला स्वतःला या खेळातील सर्वांत प्रिय क्षण तोच वाटतो.

दिलेल्या अक्षरांत क्यू, झेड, एक्स किंवा जे असेल तर मात्र शेपटाआधी तेच अक्षर हाती घ्यावे, कारण ते असणारे शब्दच मुळात थोडे आहेत. क्यूच्या मागोमाग तर बहुतेक वेळा यू असतोच.

संगणकावर हेच काम करायचे तर आधी शब्दांची यादी लागते. ‘एनेबल’ ही सर्वांना मोफत वापरता येणारी यादी १,७२,००० हून अधिक शब्दांची आहे. लिनक्स या संगणक प्रणालीवर ‘ग्रेप’ ही दिलेले अक्षर असलेलेच शब्द निवडणारी आज्ञा एकेका अक्षरासाठी एकापुढे एक जोडावी: पहिल्या चाळणीतून आलेले शब्द दुसरीत, दुसरीतले तिसरीत. शेवटी उरलेले शब्द लांबीप्रमाणे लावले की काम झाले. एक्सेलमध्येही शब्दांचा रकाना असाच गाळता येतो आणि शेजारच्या रकान्यात ‘लेन’ सूत्राने लांबी काढता येते. चूक होते ती दोनदा आलेल्या अक्षरांच्या बाबतीत. जी दोन हवे असतील तर नुसता ‘जी’ दोनदा गाळून काहीच बदलत नाही. ‘जी, टिंब, तारांकन, जी’ असा नमुना द्यावा लागतो, म्हणजे मधे काहीही असले तरी दोन जी असलेलेच शब्द उरतात.

आपल्या सहा अक्षरांसाठी ‘इंग’ नसलेला लांब शब्द हवा असेल, तर ‘अनकॉपीराइटेबल’ पाहावा. ‘अन’मधून यू आणि एन, ‘कॉपीराइट’मधून पी, आर आणि जी, ‘एबल’मधून ए. हा जी उच्चारात मुळीच नाही, तो फक्त डोळ्यांना दिसतो. शब्द १५ अक्षरी आहे आणि त्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा आलेले नाही.