प्लाझ्मा कटिंग बिघडलंय? अँपिअर वाढवण्याआधी या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये प्लाझ्मा टॉर्चचा कट खराब आला की हात आधी अँपिअरच्या नॉबकडे जातो. खरं तर आधी हवा बघायला हवी. टॉर्चमध्ये आर्कचा (धातू वितळवणाऱ्या विजेच्या झोताचा) गाभा २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि झोत ज्या तोंडातून बाहेर पडतो त्या नोझलचं तांबं १,०८५ अंशांना वितळतं. तरीही नोझल टिकतं, कारण टॉर्चमधली स्वर्ल रिंग ही कडी हवेला गिरकी देते. थंड, जड हवा कडेला फेकली जाते आणि तांब्याला तिचं अस्तर मिळतं. हवा कमी पडली किंवा नोझलच्या क्षमतेपेक्षा करंट जास्त दिला, की हे अस्तर फाटतं. मग प्लेटमध्ये जायची उष्णता नोझलच खातं.

म्हणून प्रेशर हवा वाहत असताना मोजा. बंद हवेवर गेज चांगलंच दाखवतं. पाइप बारीक किंवा फिल्टर तुंबलेला असेल, तर खरं प्रेशर टॉर्च सुरू झाल्यावरच कळतं.

पावसाळ्यात दुसरा घोटाळा पाण्याचा. जून ते सप्टेंबर कंप्रेसरची टाकी रोज ड्रेन करा, ड्रायर तपासा. आर्क बंद ठेवून नुसती हवा सोडा आणि टॉर्चसमोर कोरा कागद धरा. ठिपके उमटले तर कटिंग थांबवा. ओल्या हवेत इलेक्ट्रोडमधला (आर्क जिथून निघतो त्या भागातला) हाफ्नियम धातूचा ठिपका भराभर झिजतो. तिथे साधारण १ मिमी खड्डा दिसला की इलेक्ट्रोड बदला. नोझलचं भोक लांबट झालं असेल तर नोझलही बदला, नाहीतर नवा इलेक्ट्रोडही वाया जातो.

कटखालचा स्लॅग, म्हणजे वितळून गोठलेला धातू, नीट बघा. जाड, फुगीर आणि हातोडीच्या टोल्याने सुटणारा असेल तर टॉर्च सरकवण्याचा वेग कमी आहे. बारीक, कडक, ग्राइंडरशिवाय न निघणारा असेल तर वेग जास्त आहे. दोन्ही वेळा अँपिअर वाढवणं हा उपाय नाही.

भोक पाडताना टॉर्च कटिंगच्या उंचीच्या दीड ते दोन पट वर ठेवा, म्हणजे उसळणारं लोखंड नोझलवर बसत नाही. हवा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर टॉर्चच्या चालीच्या उजव्या बाजूची कड जास्त काटकोनात येते. त्यामुळे बाहेरचा घेर घड्याळाच्या दिशेने कापा आणि आतली भोकं उलट्या दिशेने.

अर्थिंग क्लॅम्प गंजलेल्या किंवा रंगवलेल्या प्लेटवर लावू नका. आर्क प्लेटवर उतरत नाही आणि पायलट आर्क (सुरुवातीला टॉर्चमध्येच पेटणारा छोटा आर्क) नोझल जाळत बसतो. आधी जागा घासून चकचकीत करा.