चिडाच्या बीपासून सुरुवात करा

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर हिमालयातल्या चीड पाइन या सूचिपर्णी झाडाच्या जनुकीय विविधतेवर काम करण्यासाठी मी उत्तराखंडात जाणार असल्याचे घरी सांगितले, तेव्हा ‘म्हणजे आपला सुरूच ना?’ असा प्रश्न आला. कोकण किनाऱ्यावरचा सुरू हा सपुष्प वृक्ष असून पाइनशी त्याचे दिसण्यापलीकडे नाते नाही. महाराष्ट्रात पाइनची एकही जाती निसर्गतः वाढत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला या झाडाची ओळख बहुधा थेट डोंगरातच, पिरुलावरून, म्हणजे वाळक्या सुयांच्या (सुईसारख्या पानांच्या) थरावरून, घसरत करून घ्यावी लागते.

प्रयोगशाळेत शिरण्याआधी सुया मोजायला शिकावे. चिडाच्या झुबक्यात तीन सुया असतात, कैल या हिमालयातल्याच दुसऱ्या पाइनच्या पाच. हिमाचलातील किन्नौरच्या चिलगोझा या पाइनच्याही तीनच असतात, म्हणून तो चिडाचा जवळचा भाऊबंद वाटतो. मात्र सुईचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की चिडात रसवाहिन्यांचे दोन जुडगे दिसतात आणि चिलगोझ्यात एकच. कैलातही एकच असतो. पाइनच्या या दोन शाखा (दोन जुडग्यांची आणि एका जुडग्याची) क्रिटेशस काळातच, म्हणजे डायनासोरांच्या युगातच, वेगळ्या झाल्या, हे एका पातळ कापावरून हाती लागते.

माझी पहिली चूक नमुने घेताना झाली. चढ टाळण्यासाठी मी एकाच उतारावरची लगतची तीस झाडे निवडली. ती बहुधा एकमेकांची भावंडे निघतात, आणि मग विविधता आहे त्याहून कमी दिसते. दोन झाडांत निदान शंभर मीटर अंतर ठेवावे. दुसरी चूक जुन्या सुया घेण्याची. त्यांतील राळ आणि फिनॉलयुक्त द्रव्यांमुळे माझा डीएनए चहासारखा तपकिरी आला. कोवळ्या सुया तोडताच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये ठेवाव्यात. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

खरी गंमत बीमध्ये आहे. भिजवलेल्या बीचे टरफल फोडून मधला गर्भ सुईने अलगद काढला की भोवती पांढरी, खोबऱ्यासारखी ऊती उरते. ती एकगुणित असते, म्हणजे तिच्यात आईच्या, म्हणजे बी धरणाऱ्या झाडाच्या, जनुकांचा केवळ एक संच असतो. गर्भाच्या जनुकांतून हा संच वजा केला, की उरतो तो परागकणाने आणलेला बापाचा वाटा. एका झाडाच्या सहा बिया तपासल्या, तर आईकडे एखाद्या जनुकाची दोन भिन्न रूपे असूनही त्यांपैकी एक नजरेतून निसटण्याची शक्यता 32 मध्ये 1 एवढीच राहते. एवढा स्वस्त आणि चोख हिशेब सपुष्प वृक्षांत सहसा मिळत नाही.

शिवाय पेशीतल्या ज्या भागांना स्वतःचा डीएनए असतो, त्यांपैकी पाइनमध्ये हरितलवक बापाकडून येते आणि तंतुकणिका आईकडून. त्यामुळे वाऱ्यावर दूर गेलेल्या परागाचा आणि जवळच पडलेल्या बीचा प्रवास वेगवेगळा वाचता येतो. परागाच्या या भ्रमंतीमुळेच पाइनची बहुतेक विविधता एकाच जंगलातील झाडांमध्ये सापडते, दोन जंगलांमध्ये फरक थोडाच असतो. कॅलिफोर्नियाच्या टॉरी पाइनमध्ये मात्र विविधता जवळपास नाहीच.

संपूर्ण जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, वाचण्याचा मोह नवख्याने आवरावा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या लोबलॉली पाइनचा जीनोम डीएनएच्या सुमारे 22 अब्ज अक्षरांचा, मानवाच्या सातपट आहे, आणि त्याचा मोठा भाग पुनरावृत्तींनी भरलेला आहे. पहिल्या वर्षी सहा बिया, धारदार सुई आणि अंतर मोजायची टेप एवढ्यावर भागते.